जड पाण्याची कॉफी

लेक पुण्याहून आली त्या दिवशी मी शाळेतून येऊन पलंगाच्या कडेला बसले होते. पायातली चप्पलही काढली नव्हती. पालमच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिकवते आणि राहते गंगाखेडला. जाऊन-येऊन एसटी, दिवसभर चौथीचा वर्ग, वर्ग सुटला की ऑनलाइन माहित्या भरायच्या, आणि त्या महिन्यात मतदार याद्यांचं कामही गळ्यात पडलेलं. उठून चूल... म्हणजे गॅस पेटवायचा आहे एवढंच डोक्यात होतं, आणि दारात रिक्षा थांबली.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडाही झाला नव्हता. दिवाळीला सुट्टी मिळत नाही म्हणून न आलेली लेक आता न सांगता आली होती. उजव्या मनगटाला पट्टा, डाव्या खांद्यावर बॅग. मागून रिक्षावाला एक मोठं खोकं छातीशी धरून आणत होता.

"दादा, हळू ठेवा, उलटं करू नका," ती त्याला सांगत होती.

मला वाटलं गाडीवरून पडली. "काय झालं गं हाताला?"

"पडले नाही. शीर सुजलीय. डॉक्टर म्हणाले हात वापरायचा नाही."

"मग ऑफिसात टायपिंग कसं करायलीस?"

तिनं बॅग खाली ठेवली. मग उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, "ऑफिस नाही आई. कधी नव्हतंच."

पुण्यात बी.कॉम. झाल्यावर एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात लागले, असं तिनं सांगितलं होतं. तीन वर्षं आम्ही तेच धरून चाललो. मी शाळेत सगळ्यांना तेच सांगितलं. यांनी कारखान्यात सांगितलं, भावकीत सांगितलं. आणि ती तीन वर्षं एका कॉफीच्या दुकानात मशीनपुढं उभी राहून कॉफी बनवत होती.

हे, म्हणजे तिचे बाबा, एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. उसाच्या रसात साखर किती, बॉयलरच्या पाण्यात क्षार किती, हे तपासायचं. काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं आणि रंग कधी पालटतो ते बघायचं. लग्न झालं तेव्हापासून मी याच कामाच्या गोष्टी ऐकत आले. माणूस मोजून बोलणारा. संध्याकाळी जेवताना तिनं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हॉटेलात?"

"हो."

"कपबशा पण धुवायच्या का?"

"धुवायच्या. सगळेच धुवायचे."

यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवून ताटात हात धुतला. "तीन वर्षं आमाला फसवलंस," म्हणाले आणि उठले. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याशी थेट बोलले नाहीत. "तिला विचार दही पाहिजे का," असं मला म्हणायचे, ती समोर बसलेली असताना.

लेक झोपून राहू लागली. मी सकाळी निघताना झोपलेली, परत आले की झोपलेली. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा तिची दया आली नाही. घरात अजून एक माणूस वाढलं, त्याचं ताट, त्याचा चहा, त्याचं अंथरूण, असंच वाटलं. आईनं असं वाटून घेऊ नये हे कळत होतं. पण बसमध्ये उभं राहून आलेल्या बाईला घरात शिरताना जे वाटतं ते वाटतंच. ते खोकं आम्ही शिलाई मशीनवर ठेवलं होतं. त्याच्यावर मी घड्या घातलेले कपडे ठेवायला लागले होते.

एका रविवारी कपडे भिजवून आत आले तर लेक उठलेली. कपडे पलंगावर काढून ठेवलेले, आणि खोकं उघडून तिनं मशीन बाहेर काढलेलं. पाणी तापवून ते जोरानं कॉफीच्या पुडीतून ढकलणारं घरगुती मशीन, आमच्या मिक्सरपेक्षा थोडं मोठं, तिनं पगारातून साठवून घेतलेलं. सोबत हातानं फिरवायची छोटी चक्की, वजनाचा एक छोटा काटा आणि भाजलेल्या बियांची पाकिटं. पाकीट उघडलं तसा घरभर असा वास सुटला की मी हातातली बादली खाली ठेवली.

"आई, दोन मिनिटं देशील का? मला दाबता येत नाही."

दाबणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दांडा लावलेली एक जाळीची वाटी असते. तिच्यात कॉफीची पूड भरायची आणि लोखंडी ठोकळ्यानं वरून सगळीकडून सारखी दाबून बसवायची. वाटी मशीनला अडकवायची, की खालून कॉफी पडते. दिसायला काहीच नाही. पण तीच कृती दिवसातून शेकडो वेळा करून तिचं मनगट गेलं होतं.

चक्कीही मीच फिरवली. पहिल्या वेळी पाणी भसकन खाली आलं, पिवळट. चाखलं तर कच्च्या चिंचेसारखं आंबट.

"जाड दळलीस. बारीक कर."

बारीक केली तर मशीन नुसतं घुरघुरत राहिलं, थेंब थेंब काळं पडलं, आणि ते इतकं कडू की मी तोंड धुवायला मोरीत गेले. मग पूड कमी, मग जास्त. मग एका बाजूनं दाब जास्त पडला म्हणून तिथूनच पाणी फुटलं. पाच-सहा वेळा झाल्यावर मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

"ठेव," ती म्हणाली आणि दांडा उजव्या हातात घ्यायला गेली. तिचा चेहरा असा पिळवटला की मी चहाचं भांडं परत फडताळात ठेवलं.

नीट जमायला तिसरा रविवार उजाडला. दोन बारीक धारा एकदम सुरू झाल्या. गुऱ्हाळात कढईतली काकवी पळीनं उचलल्यावर जशी लांबते, तशा तांबूस, चिकट, एकमेकींकडं वाकलेल्या. लेक मोबाईलवर सेकंद मोजत होती. "बस," म्हणाली आणि बटण बंद केलं. कपात जेमतेम दोन घोट. वर मातकट सोनेरी फेस.

"ही एस्प्रेसो. सगळं हिच्यावरून होतं."

मी घोट घेतला. कडूच होती. पण गिळल्यावर जिभेवर जळक्या गुळासारखं काहीतरी राहिलं, आणि त्याच्या मागून लिंबाच्या सालीसारखं. मला आवडली असं म्हणणार नाही. तिला म्हणाले, "छान झालीय." ती एवढंच म्हणाली, "खोटं नको बोलूस, चेहऱ्यावर दिसतंय." पण त्या दिवशी ती दुपारी झोपली नाही.

"दिवसाला अशा किती करायचीस?" मी विचारलं.

"मोजायचं नाही. मोजलं की हात उचलायचा नाही."

मग दुधाचं सुरू झालं. आमच्याकडं दूध घालायला येणारी मावशी पलीकडच्या वस्तीवरची. त्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या, आणि एक म्हैस. मालक मेंढरं घेऊन रानात, दुधाचं सगळं हिच्याकडं. ते म्हशीचं दूध तापवून, साय काढून, फ्रीजमध्ये गार करून घ्यायचं. मग मशीनच्या वाफेच्या नळीखाली भांडं तिरकं धरायचं. नळीचं टोक वर राहिलं तर पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, खाली गेलं तर दूध नुसतं तापतं. मधली जागा हातालाच कळावी लागते. मला ती कळत नव्हती.

एका सकाळी मावशी माप घेऊन दारात आली आणि आवाज ऐकून आतच आली. "काय करायलाव म्याडम? आगगाडी आणलाव का घरात?"

लेकीनं तिला एस्प्रेसो दिली. मावशीनं घोट घेतला, डोळे मिटले, कसाबसा गिळला. "अगं माय माय. ह्यो तर निंबाचा पाला वाटलाय. लय कडू हाय. ह्येच्यासाठी पुण्याला लोकं जात्यात?"

लेक हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मग तिनं माझ्याकडून दुसरा कप करून घेतला, दूध फेसाळून वर ओतलं, साखर घातली आणि पुढं केला. "ही घ्या, कॅपुचिनो."

मावशीनं ही सगळी प्याली. ओठावरचा फेस पदरानं पुसत म्हणाली, "ही बरी हाय. पर तुमचा फेस लगीच खाली बसायलाय. सकाळचं दूध सकाळीच घ्या. शिळं दूध फेस धरत न्हाई. आमी धारा काढताना बघतो की, कासंडीत कसा वर येतोय." तेवढ्यात तिचं लक्ष लेकीच्या पट्ट्याकडं गेलं. "ह्ये काय झालं?"

"कॉफी दाबून दाबून शीर सुजली."

"अगं, मग त्यात काय," मावशीनं आपला उजवा अंगठा पुढं केला. बुडाशी गाठ आलेली. "धारा काढून काढून. मुठीत काय धरता येत न्हाई सकाळच्याला. मिठाच्या गरम पाण्यात बुडवून ठिवायचा, आन् मग लागायचं कामाला."

लेक तो अंगठा हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. डॉक्टरांनी तिला तपासून जे सांगितलं होतं त्यानं तिला जो धीर आला नव्हता तो त्या अंगठ्यानं आला असावा. त्या दिवसापासून ती सकाळी लवकर उठू लागली. दूध घ्यायला तीच दारात जायची.

पाण्याचा प्रश्न मात्र राहिला. आमच्या गल्लीला बोअरचं पाणी. जड पाणी, भांड्यावर वाळलं की पांढरे डाग. लेक म्हणायची या पाण्यानं मशीनच्या आतल्या नळ्या बुजतील. म्हणून ती जारचं पाणी वापरायची, पण जारवाला मनाला येईल तेव्हा यायचा, आणि नुसत्या जारच्या पाण्याची कॉफी फिक्की, मेल्यासारखी लागते असं तिचं म्हणणं. बोअरच्या पाण्यात क्षार नेमके किती हे कळलं तर किती मिसळायचं ते ठरवता येईल. आणि ते कळायला घरातच केमिस्ट होता.

महिन्याभराच्या अबोल्यानंतर ती बाबांशी पहिलं वाक्य बोलली ते हे. "बाबा, लॅबमधून पाणी तपासून आणाल का?"

मला वाटलं हे माझ्याकडं बघून म्हणतील, तिला सांग वेळ नाही. पण ते उठले. प्लास्टिकची बाटली स्वतः तीनदा धुतली, बोअरचा नळ थोडा वेळ सोडून मग ती भरली, झाकणावर चिकटपट्टी लावली आणि वर तारीख घातली. इतकी वर्षं हे काम करणारा माणूस जसं करील तसं. माझ्या जिवाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं विचारलं तर म्हणाले, "आज गर्दी होती." मग एक दिवस साहेब आले होते. एक दिवस औषध संपलं होतं. दहा-बारा दिवसांनी एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाले, "क्षार दीडशेच्या आत आहेत. चालतंय तसंच."

"एवढं कमी?" लेक खूश झाली. "मग नुसतं बोअरचं चालेल."

त्याच आठवड्यात डबा धुवायला काढताना यांच्या पिशवीच्या तळाशी मला ती बाटली सापडली. गळ्यापर्यंत भरलेली. चिकटपट्टी जशीच्या तशी, तारीखही तीच.

मी ती परत पिशवीत ठेवली.

का बोलले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तोवर बाप-लेक बोलायला लागले होते, त्यात मला मोडता घालायचा नव्हता, हे एक. पण त्याहून खरं कारण हे की मी थकले होते. काहीतरी आहे हे कळत होतं, आणि ते विचारलं की काहीतरी बाहेर येणार, मग ते ऐकायचं, त्यावर रडायचं, समजूत काढायची. एवढं बळ माझ्यात नव्हतं. सकाळी सातची बस होती.

आणि ते दिवस चांगलेही गेले, हे सांगितलं पाहिजे. हे रविवारी समोर खुर्ची ओढून बसू लागले. लेक त्यांना सांगायची, एकाच एस्प्रेसोत गरम पाणी घातलं की अमेरिकानो, फेसाळलेलं दूध भरपूर घातलं की लाटे, चमचाभर फेस नुसता वर ठेवला की माकियातो. हात माझे, तोंड तिचं. यांना अमेरिकानो आवडली, बिनसाखरेची. मी साखर पुढं केली तर म्हणाले, "साखर दिवसभर बघतो, घरी नको." लेक आत काटा पुसत होती, ती मोठ्यानं हसली. मी लाटे करायची. जमली की तिच्यावर फेसाच्या धारेनं पान काढायचा प्रयत्न करायची, ते वांग्यासारखं दिसायचं.

शिवरात्रीच्या सुमाराला एका रविवारी मशीन अडलं. पंप आवाज करत होता आणि खाली एक थेंब. मी जास्त दाबलं असेल म्हणून वाटी रिकामी लावून बघितली. तरी तेच. लेकीनं डाव्या हातानं एकेक स्क्रू काढला, वरचं झाकण उचललं. आतल्या नळीला आणि तोटीला पांढरी खपली धरली होती. कुकरच्या तळाला धरते तशी, पण जाड, टणक.

हे खिडकीशी पेपर वाचत होते.

"बाबा, पाणी दीडशेच्या आत होतं ना?"

"उन्हाळ्याकडं बोअरचं पाणी खोल जातं. क्षार वाढतात."

"एवढे?"

यांनी पान उलटलं. लेक हातात ती तोटी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "बाबा, तुम्ही खरंच तपासलं होतं का?"

पेपर खाली आला. यांचा चेहरा मी एवढा कधी उतरलेला बघितला नव्हता.

"मी लॅबमध्ये नाही," ते म्हणाले. "दोन हंगाम झाले. गेटवर बसतो, वजनकाट्यापाशी. ट्रॅक्टरच्या पावत्या फाडतो."

 मग तेच सांगत गेले, खिडकीबाहेर बघत. "पाण्याचा जडपणा मोजताना लालाचा निळा व्हायला पाहिजे. तो निळा मला दिसेना. सगळ्यावर पिवळट पडदा पडल्यासारखं. जांभळ्यालाच मी निळा समजायलो. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा साहेबांनीच बोलावलं. चांगलं बोलले बिचारे. म्हणाले, तुमची सेवा झाली, आरामाची जागा देतो."

"मग बाटली कुणाला तरी तपासायला द्यायची."

"कुणाला देऊ?" हे पहिल्यांदा तिच्याकडं वळले. "माझ्या हाताखाली शिकलेत ती लेकरं. त्यांच्यापुढं बाटली घेऊन जाऊ, की बाबांनो, माझ्या घरचं पाणी तपासून द्या, मला येत नाही?"

मला तेव्हा गप्प राहता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं. "बाटली पिशवीतच होती. मी बघितली होती."

लेक माझ्याकडं वळली. "कधी?"

"त्याच आठवड्यात."

"म्हणजे तुला माहीत होतं. रोज सकाळी मी तेच पाणी भरत होते आणि तू माझ्या शेजारी उभी होतीस." "माझ्या खोट्यापायी बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि तुम्ही दोघं..." ती आत गेली.

यांच्यावर ती रागावली नव्हती. राग माझा आला होता, आणि तो बरोबर होता. यांची लाज मला समजत होती. माझ्याकडं तशी काही लाजही नव्हती, नुसता कंटाळा होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी डबा भरून ठेवायची आणि बसला जायची. वर्गात पाढे म्हणून घेताना मुलं पुढं निघून जायची आणि मी मागंच राहिलेली असायची.

तिसऱ्या दिवशी परत आले तर ओसरीवर जुन्या पेपरावर मशीनचे सगळे भाग मांडलेले, आणि बाप-लेक मांडी घालून समोरासमोर. यांनी रजा टाकली होती. खपलीचा तुकडा त्यांनी बोटांत चुरला, नखानं खरवडला, हुंगला.

"रस आटवायच्या भांड्यांच्या नळ्यांना अशीच धरते," ते तिला सांगत होते. "ती चिवट असते, सोड्यात शिजवावी लागते. ही नुसती चुन्याची. लिंबूसत्तानं सुटेल. पण घाई करायची नाही, मुरू द्यायचं."

किराणा दुकानातून लिंबूसत्त आणून त्यांनी पाण्यात विरघळवलं होतं. नळ्या त्यात बुडवलेल्या. बारीक बुडबुडे येत होते.

"आता पाणी कसं दिसायलंय?" हे विचारत.

"गढूळ. पांढरट."

"फेकून दे, नवीन घे."

थोड्या वेळानं परत, "आता?"

"थोडं बरं आहे."

"थोडं बरं नको. निवळ पाहिजे."

मी खांद्याची पर्स न काढता दारात उभी होते. दोघांपैकी कुणी वर बघितलं नाही. मी आत जाऊन तीन कप चहा केला आणि नेऊन ठेवला. लेकीनं तिचा कप उचलला आणि म्हणाली, "साखर कमी पडलीय आई." तेवढ्यावर आमचं मिटलं. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही.

मशीन सुरू झालं. पण तिनं पुढची गोष्ट धरून ठेवली. परभणीला डोळ्याच्या डॉक्टरांकडं यांना तीच घेऊन गेली, मी शाळेतून सुट्टी घेतली नाही म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. यांना वाटत होतं डोळे कायमचे गेले, म्हणून दोन वर्षं दाखवलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस काय करत होता? हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात एकेक डोळा करून घेतला. दुसऱ्या डोळ्याची पट्टी काढून येताना परभणीच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. हे वर बघत राहिले. "निळं एवढं निळं असतंय होय," म्हणाले. "मी विसरूनच गेलतो." तेवढ्यात बस लागली आणि जागा धरायला पळावं लागलं.

डोळे आले म्हणून जागा परत आली असं झालं नाही. हे साहेबांना भेटून आले. साहेब म्हणाले, बघू. लॅबमध्ये आता नवी मुलं बसलेली, नवी यंत्रं आलेली, आकडाच दिसतो, रंग बघावा लागत नाही. पुढच्या हंगामात हे गेटवरच होते, आणि अजून आहेत. फरक एवढाच की आता घरी गेटवरच्या गोष्टी सांगतात. कुणाचा ट्रॅक्टर रांगेत घुसला, कोण भांडलं. आणि एक केलं त्यांनी. नव्यानं एक बाटली भरून लॅबमध्ये स्वतः घेऊन गेले. तिथल्या मुलानं खुर्ची दिली, चहा मागवला, दहा मिनिटांत तपासून दिलं. आकडा सहाशेच्या वर निघाला. हे येऊन म्हणाले, "मी जो सांगितला त्याच्या चौपट." आणि जार किती, बोअर किती हे कागदावर लिहून मशीनच्या वर भिंतीला चिकटवून टाकलं.

लेकीचा हात पुरता बरा झाला नाही. भांडं धरता येतं, दाबता येत नाही. दाबायचं ती डाव्या हातानं शिकली. जूनमध्ये पुण्याहून बोलावणं आलं. नवीन मुलांना कॉफी शिकवायचं काम, स्वतः कमी करायची, दाखवायची जास्त.

"परत कॉफीच का गं?" मी विचारलं. "बी.कॉम. झालीस, बँकेच्या परीक्षा देता येतील."

ती बॅग भरत होती. "मला दुसरं काही एवढं चांगलं येत नाही आई. आणि मला आवडतं. दुखतं, पण आवडतं."

मी पंचवीस वर्षं शिकवते. मला आवडतं का, हे मी कधी बघितलं नाही. मी तिच्या हातातून टॉवेल घेतला आणि घडी घालून दिली.

मशीन तिनं ठेवून दिलं. तिथं मोठी मशिनं आहेत म्हणाली. हे तिला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले. मला त्या दिवशी तालुक्याला बैठक होती.

तेव्हापासून सकाळी बसच्या आधी मी दोन कप करते. यांना अमेरिकानो, मला लाटे. लेकीइतकी कधीच होत नाही. दूध जास्त तापतं, फेस मोठा पडतो, पान अजून वांगंच आहे. हे काही न बोलता पितात आणि डबा घेऊन निघतात. रविवारी लेक व्हिडिओवर बघते. धार पडत असताना फोनमधून "बंद कर, बंद कर" ओरडते.

मागच्या महिन्यापासून माझा उजवा खांदा धरला होता. फळ्यावर हात वर करताना कळ यायची. चार-पाच रविवार मी तिला सांगितलं नाही. मग एका रविवारी वाटी दाबताना हात मध्येच थांबला, आणि मी फोनकडं न बघता सांगून टाकलं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"महिना झाला असेल."

तिनं फोन चेहऱ्याजवळ घेतला. मग म्हणाली, "ती वाटी ठेव खाली. थोडे दिवस चहाच कर. आणि उद्या दाखवून ये, शाळेला सांग."

आठवडा झाला, चहा करते. शाळेला अजून सांगितलेलं नाही, पण यांना सांगितलं. उद्या अर्धा दिवस रजा टाकू, ते म्हणाले, मी येतो सोबत.